मनाच्या नव्या औषधाची वर्ध्यापर्यंतची वाट

मानसिक आजारांच्या उपचारक्षेत्रात गेल्या दशकभरात ज्या विषयाची सर्वाधिक चर्चा झाली, तो विषय म्हणजे सायकेडेलिक द्रव्यांच्या साहाय्याने करावयाचा मानसोपचार. एलएसडी, सायलोसायबिन, एमडीएमए ही नावे एकेकाळी हिप्पींच्या टोळ्या आणि पोलिसांच्या धाडी यांच्याच बातम्यांत वाचावयास मिळत. आज तीच नावे नामांकित विद्यापीठांच्या संशोधनपत्रिकांत झळकत आहेत. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून अधिकृत मानसोपचारतज्ज्ञांना यांतील दोन द्रव्ये विशिष्ट आजारांसाठी देण्याची मुभा दिली. साहजिकच आपल्याकडेही, दीर्घकाळ नैराश्याशी झुंजणारे रुग्ण व त्यांचे नातलग 'हे औषध आपल्याला कधी मिळेल?' असे विचारू लागले आहेत.

हा प्रश्न वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात विचारणे अधिक उद्बोधक आहे. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीमसह वर्ध्याचाही समावेश होता. व्याजमाफी, सिंचन, बियाणे, दुभती जनावरे यांवर त्या पॅकेजचा भर होता. कर्ज आणि पीक यांच्याबरोबरच शेतकऱ्याच्या मनाचीही विचारपूस व्हावयास हवी, ही जाणीव शासनदरबारी रुजण्यास आणखी बरीच वर्षे जावी लागली. अशा जिल्ह्यात एखादा नवा उपचार पोहोचावयाचा असेल, तर त्याची वाट कशी असेल, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

ही द्रव्ये कोणती?

स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सॅन्डोझ या औषध कंपनीत काम करणारे रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांनी १९३८ साली एलएसडी प्रथम तयार केले. त्याचा मनावरील परिणाम मात्र १९४३ मध्ये लक्षात आला. पुढे १९५८ मध्ये त्यांनीच मेक्सिकोतील आदिवासी धार्मिक विधींत वापरीत असलेल्या अळंब्यांतून सायलोसायबिन वेगळे काढले. १९५० व ६० च्या दशकांत या द्रव्यांवर युरोप-अमेरिकेत पुष्कळ संशोधन झाले. परंतु त्यांचा स्वैर वापर वाढला, सरकारे सावध झाली आणि १९७१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानंतर बहुतेक देशांत संशोधन जवळजवळ थांबले. भारतात १९८५ चा अंमली पदार्थविरोधी कायदा आला आणि ही सर्व द्रव्ये त्याच्या कक्षेत आली. एमडीएमए हे रासायनिकदृष्ट्या वेगळ्या कुळातील. पण आजच्या चर्चेत त्याचीही गणना यांतच होते.

सायलोसायबिन व एलएसडी ही द्रव्ये मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाच्या विशिष्ट ग्राहींवर काम करतात. काही तास संवेदना, कालाचे भान आणि 'मी'पणाची जाणीव बदलून जाते. नैराश्यात मन एकाच विचाराच्या घाण्याला जुंपल्यासारखे फिरत राहते; ही फेरी काही काळ मोडते आणि त्या अवधीत माणूस स्वतःकडे नव्या नजरेने पाहू शकतो, अशी यामागची कल्पना आहे. मेंदूतील पेशींमध्ये नवे जोड निर्माण होण्यास चालना मिळते, असे प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसले आहे. माणसाच्या आजारात नेमके काय घडते, हे अद्याप संशोधनाधीन आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. या उपचारात रोज घ्यावयाची गोळी नसते. आधी रुग्णाची कसून तपासणी व पूर्वतयारीच्या बैठका, नंतर प्रशिक्षित उपचारकांच्या देखरेखीखाली सहा ते आठ तासांचे सत्र, आणि त्यानंतर त्या अनुभवाचा अर्थ लावण्यासाठी पुन्हा अनेक बैठका, असे त्याचे स्वरूप असते. औषध हा या उपचाराचा एक भाग. माणसाने माणसाजवळ बसणे हा दुसरा, आणि तो तितकाच मोठा.

पुरावा काय सांगतो?

सायलोसायबिनचा नैराश्यावरील एक महत्त्वाचा अभ्यास २०२२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. इतर औषधांना दाद न देणारे नैराश्य असलेल्या २३३ रुग्णांना २५, १० किंवा १ मिलिग्रॅमची एकच मात्रा देण्यात आली. तीन आठवड्यांनंतर २५ मिलिग्रॅमच्या गटातील ३७ टक्के रुग्णांत लक्षणीय सुधारणा दिसली. १ मिलिग्रॅमच्या गटात हे प्रमाण १८ टक्के होते. जून २०२५ मध्ये याच औषधाच्या तिसऱ्या टप्प्यातील पहिल्या चाचणीचा निष्कर्ष जाहीर झाला. २५८ रुग्णांच्या त्या चाचणीत सहा आठवड्यांनी नैराश्याच्या ६० गुणांच्या मोजपट्टीवर औषध आणि निष्क्रिय गोळी यांच्यात सरासरी ३.६ गुणांचा फरक आढळला. परिणाम आहे, पण वर्तमानपत्री मथळ्यांतून वाटतो तेवढा चमत्कारिक नाही.

दारूच्या व्यसनावरील अभ्यास वर्ध्यासारख्या जिल्ह्याला विशेष जवळचा वाटेल. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत व्यसनाधीन रुग्णांना समुपदेशनाच्या जोडीला सायलोसायबिन देण्यात आले. पुढील आठ महिन्यांत अतिमद्यपानाचे दिवस या गटात ९.७ टक्के, तर तुलनेच्या गटात २३.६ टक्के होते. मात्र ही चाचणी शंभराहून कमी रुग्णांवर झालेली होती.

याउलट एमडीएमएची कथा सावध करणारी आहे. भीषण आघातानंतर जडणाऱ्या तणाव विकारावर २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ९० रुग्णांच्या चाचणीत औषध घेतलेल्यांपैकी ६७ टक्के रुग्ण आजाराच्या व्याख्येतून बाहेर पडले. निष्क्रिय गोळी व तेच समुपदेशन मिळालेल्यांत हे प्रमाण ३२ टक्के होते. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मंजुरी नाकारून आणखी एक चाचणी करावयास सांगितले. अशा चाचण्यांत आपल्याला खरे औषध मिळाले की खोटे, हे रुग्णाला काही वेळातच कळते. त्यामुळे अपेक्षेचा परिणाम आणि औषधाचा परिणाम वेगळे करणे कठीण जाते. शिवाय गलितगात्र अवस्थेतील रुग्ण उपचारकाच्या पूर्ण अधीन असतो आणि त्याचा गैरफायदा घेतला गेल्याचे प्रकारही पुढे आले.

धोके आणखीही आहेत. ज्यांना स्वतःला किंवा जवळच्या नातलगांना स्किझोफ्रेनिया किंवा उन्माद-नैराश्याचा आजार आहे, त्यांना बहुतेक चाचण्यांतून वगळले जाते, कारण अशा माणसात ही द्रव्ये तीव्र विकार उफाळून आणू शकतात. रक्तदाब व हृदयविकार असणाऱ्यांनाही जपावे लागते. बांधावरची अळंबी, धोतऱ्याच्या बिया किंवा इंटरनेटवरून मागविलेली पुडी यांचा आणि या उपचाराचा काडीचाही संबंध नाही. धोतरा तर सरळसरळ विष आहे.

'दाद न देणारे' आणि 'दादच न मिळालेले'

वरील चाचण्यांत वारंवार येणारा शब्दप्रयोग म्हणजे 'उपचारांना दाद न देणारे नैराश्य'. किमान दोन वेगवेगळी औषधे पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे घेऊनही गुण न आलेला रुग्ण, असा त्याचा ढोबळ अर्थ. म्हणजे या रांगेत उभे राहण्यापूर्वी रुग्णाचे निदान झालेले असावे लागते, त्याला पहिले औषध मिळालेले असावे लागते, ते नियमितपणे चालू राहिलेले असावे लागते आणि मग दुसरेही.

आपल्याकडील चित्र काय आहे? बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे दिसून आले, की नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना कोणताही उपचार मिळत नव्हता. या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हेही येथे नमूद केले पाहिजे. मानसोपचारतज्ज्ञांचे देशातील प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे ०.७५ इतके असल्याचा अंदाज २०१९ मध्ये मांडण्यात आला होता. ते किमान तीन असावे, अशी अपेक्षा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख ७७४ होती. देशाची सरासरी लावली तर नऊ-दहा तज्ज्ञ, आणि अपेक्षित प्रमाण लावले तर जवळपास चाळीस, असा हा हिशेब होतो.

वर्धा काही बाबतींत भाग्यवान आहे. देशातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ओळखली जाणारी सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ पासून येथे आहे. सावंगी (मेघे) येथे दुसरे वैद्यकीय महाविद्यालय आहे. दोन्हींत मानसोपचार विभाग आहेत. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय शेजारच्याच जिल्ह्यात आहे. पण ही दोन्ही महाविद्यालये वर्धा शहराच्या अवतीभवती आहेत. उत्तरेकडील आष्टी-कारंजा किंवा दक्षिणेकडील समुद्रपूर तालुक्यातील खेड्यातून तेथे येणाऱ्या शेतमजुराचा अख्खा दिवस जातो. मजुरी बुडते आणि सोबत येणाऱ्याचीही बुडते. नैराश्याचे औषध महिनोन्‌महिने घ्यावयाचे असते. पहिल्या फेरीनंतर दुसरी फेरी झाली नाही, तर तो रुग्ण औषधाला दाद देत नाही असे म्हणता येणार नाही. व्यवस्थेनेच त्याला दाद दिलेली नाही.

दारूचा प्रश्न वर्ध्यात आणखी एका कारणाने गुंतागुंतीचा झाला आहे. गांधीजींच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या या जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. बंदीमागचा हेतू उदात्त आहे आणि गावोगावच्या महिलांनी ती टिकविण्यासाठी वेळोवेळी कंबर कसली आहे. तथापि चोरटी दारू येतच राहिली. जेथे पिणे हाच गुन्हा ठरतो, तेथे 'मला दारूचा आजार आहे' असे सरकारी दवाखान्यात जाऊन सांगणे पिणाऱ्याला जड जाते. बंदीच्या जोडीला विनासंकोच गाठता येईल अशी व्यसनमुक्तीची सोय नसेल, तर आजारी माणूस पोलीस आणि दवाखाना या दोहोंपासून सारखाच दूर पळतो.

तासांचा हिशेब

नवा उपचार परवडणार की नाही, याचा विचार करताना आपण औषधाच्या किमतीकडे पाहतो. पाहावयास हवे ते माणसांच्या तासांकडे. एमडीएमएच्या उपरोक्त चाचणीत प्रत्येक रुग्णासाठी दीड-दीड तासाच्या तीन पूर्वतयारीच्या बैठका, आठ-आठ तासांची तीन सत्रे आणि दीड-दीड तासाच्या नऊ उत्तर-बैठका होत्या. हे झाले ४२ तास. प्रत्येक वेळी दोन उपचारक हजर, म्हणजे एका रुग्णामागे ८४ मनुष्यतास. सायलोसायबिनला यापेक्षा कमी वेळ लागतो. तरीही तो दिवसांतच मोजावा लागतो. जेथे जिल्ह्यातील तज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके असतात, तेथे एका रुग्णासाठी दोन आठवड्यांचे काम खर्ची पडल्यास बाह्यरुग्ण विभागातील इतरांचे काय, हा प्रश्न टाळता येत नाही.

याच्या शेजारी आपल्या शेजारच्याच गोव्यातील एक प्रयोग ठेवून पाहू. 'संगथ' या संस्थेने तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या ४९३ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी रुग्णांशी सहा ते आठ बैठकांत, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास, संवाद साधला. त्यांना बंद पडलेली रोजची कामे व आनंदाच्या गोष्टी हळूहळू पुन्हा सुरू करण्यास मदत केली. तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. दारूच्या घातक सेवनावर अशाच समुपदेशनाने ३६ विरुद्ध २६ टक्के असा फरक पडला. एका रुग्णामागे खर्ची पडलेला वेळ चार-पाच तासांचा.

या दोन प्रकारच्या आकड्यांची थेट तुलना करता येणार नाही, कारण रुग्णांच्या आजाराची तीव्रता वेगळी होती. पण ज्या ८५ टक्के लोकांना काहीच मिळालेले नाही, त्यांच्यासाठी आधी काय हवे, हे त्यांतून पुरेसे स्पष्ट होते.

विदर्भातच याचा पडताळा आलेला आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम राबविण्यात आला. गावातीलच कार्यकर्त्यांनी नैराश्य व दारू यांविषयी बोलावयास सुरुवात केली, पहिला मानसिक आधार दिला, समुपदेशकांशी गाठ घालून दिली आणि गरजेनुसार तज्ज्ञांकडे पाठविले. नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण आरंभी ४.३ टक्के होते. अठरा महिन्यांनंतर ते २७.२ टक्क्यांवर गेले. त्यासाठी कोणतेही नवे औषध लागले नाही. राज्य शासनानेही २०१५ मध्ये वर्ध्यासह विदर्भ व मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला. आशा कार्यकर्तीच्या गृहभेटीतून नैराश्याची चिन्हे ओळखणे आणि १०४ क्रमांकावरून समुपदेशन पुरविणे ही त्यामागची कल्पना. दिशा योग्य होती. अशा योजनांचे यश मात्र आशा कार्यकर्तीवर आधीच किती कामांचे ओझे आहे आणि तिने शोधलेल्या रुग्णाला पुढे कोणी हात देते की नाही, यावरच ठरते.

कुष्ठरोगाने शिकविलेला धडा

वर्ध्याला हा विचार परका नाही. सेवाग्रामच्या आश्रमात कुष्ठरोगाने पीडित परचुरे शास्त्रींची शुश्रूषा गांधीजींनी स्वतः केली. दत्तपूरची कुष्ठसेवा १९३६ पासूनची. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने वर्ध्यातूनच सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार ही त्रिसूत्री मांडली. डॉ. रा. वि. वारदेकर यांच्या पुढाकाराने रुजलेली ही पद्धत पुढे राष्ट्रीय कार्यक्रमाचा पाया ठरली. १९८० च्या दशकाच्या आरंभी अनेक औषधे एकत्र देण्याची नवी उपचारपद्धती आली, तेव्हा देशात ज्या पहिल्या काही जिल्ह्यांत ती सुरू झाली, त्यांत वर्धा होता.

येथे क्रम महत्त्वाचा आहे. घरोघर जाऊन रुग्ण शोधणारा कार्यकर्ता, शाळा-चावडीवर होणारे लोकशिक्षण आणि नियमित भेटींची घडी आधी बसलेली होती. म्हणूनच नवे औषध आले तेव्हा ते कोणाला, कोठे व कसे द्यावयाचे, याचे उत्तर तयार होते. ज्या आजाराला लोक पाप समजत, ज्याच्या रुग्णाला गावाबाहेर काढीत, त्या आजाराबाबत हे घडू शकले. मनाच्या आजारालाही आज बाहेरची बाधा, करणी किंवा नुसता आळस समजणारे कमी नाहीत. तेथेही आधी माणूस पोहोचावा लागेल, मग औषध.

कायद्याची बाजू

भारतात एलएसडी, सायलोसायबिन व एमडीएमए बाळगणे हा गंभीर गुन्हा आहे. १९८५ च्या कायद्यात वैद्यकीय व शास्त्रीय कारणांसाठी अपवादाची तरतूद असली, तरी तिची वाट परवान्यांच्या काट्याकुट्यांतून जाते. हा अनुभव नवा नाही. याच कायद्यानंतर कर्करोगाच्या असह्य वेदनांवरील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर देशात पुढील बारा वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. नियम सुटसुटीत करण्यासाठी २०१४ ची दुरुस्ती यावी लागली. नशेला आळा घालताना रुग्णाचे औषध हिरावले जाऊ नये, हा धडा सायकेडेलिक द्रव्यांवरील भावी संशोधनासाठी आतापासूनच लक्षात ठेवण्याजोगा आहे.

या कुळाशी दूरचे नाते सांगणारे एक औषध मात्र आपल्या रुग्णालयांत वर्षानुवर्षे आहे. ते म्हणजे भुलीचे केटामाइन. अत्यल्प मात्रेत ते तीव्र नैराश्यात काही तासांत उतार देते, असे आढळले आहे. त्याच्याच एका रूपाचा नाकात मारावयाचा फवारा अमेरिकेने मार्च २०१९ मध्ये मंजूर केला. केटामाइनचा परिणाम मात्र अल्पकाळ टिकतो, सवय लागण्याचा धोका असतो आणि रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते. म्हणून ते तज्ज्ञाच्या निर्णयाने, रुग्णालयातच द्यावयाचे औषध आहे. तीव्र नैराश्यात भूल देऊन केले जाणारे विद्युत उपचारही गुणकारी ठरतात, हे त्यांच्याविषयीच्या भीतीमुळे अनेकांना ठाऊक नसते.

रुग्णाच्या हाती आज असलेले सर्वांत मोठे साधन म्हणजे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या या कायद्याच्या १८ व्या कलमाने शासकीय सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. कायद्याने ठरविलेली किमान सेवा जिल्ह्यात उपलब्ध नसेल, तर त्याच जिल्ह्यात अन्यत्र घेतलेल्या उपचारांचा खर्च शासनाने सोसावयाचा आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षा न करता आधार देण्याची जबाबदारी ११५ व्या कलमाने शासनावर टाकली आहे. या तरतुदी तालुक्याच्या गावी किती जणांना माहीत आहेत?

सायकेडेलिक उपचारांवरील संशोधन व्हावयासच हवे, आणि ते भारतातही व्हावे. दोन-तीन औषधे घेऊनही ज्यांना उजेड दिसत नाही, त्यांच्या आशेची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु वर्ध्यातील कुटुंबाने या उपचाराची वाट पाहत आज हाताशी असलेला उपचार लांबणीवर टाकू नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहणे, झोप व भूक उडणे, कशातच रस न वाटणे, जगणे नकोसे होणे ही आजाराची लक्षणे आहेत आणि त्यांवर आज उपाय आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही विनामूल्य लागतो व त्यावर मराठीत बोलता येते. सेवाग्राम व सावंगी येथील बाह्यरुग्ण विभाग खुले आहेत. आणि ग्रामसभेत रस्ता-पाण्याबरोबर एक प्रश्न जरूर विचारावा: आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नैराश्याची गोळी दर महिन्याला मिळते काय, आणि ती देणारा माणूस रुग्णाशी दहा मिनिटे बोलतो काय?